मैदानाचं लाईव्ह: माती उडाली की चित्र फुटतंय. नेट, कॅमेरा की एन्कोडर?

कुंडलकर
मंडळी, यात्रांचा हंगाम तोंडावर आलाय आणि गावोगावच्या कमिट्या कुस्ती मैदानाच्या लाईव्हची विचारणा करायला लागल्यात. एक जुनं दुखणं यंदा तरी मिटवायचंय.

जोडणी अशी: दोन कॅमकॉर्डर, एचडीएमआय स्विचर, त्यातून यूएसबी कॅप्चर कार्ड, आय५ लॅपटॉप, त्यावर ओबीएस हे लाईव्हचं सॉफ्टवेअर. आउटपुट १०८०पी, ५० फ्रेम, एक्स२६४ एन्कोडर, प्रिसेट व्हेरीफास्ट, सीबीआर (कायम एकच बिटरेट) ३५०० केबीपीएस, की-फ्रेम (स्वतःपुरती पूर्ण फ्रेम) इंटरव्हल ऑटोवर. नेट ४जी राउटरचं.

लक्षण: पैलवान सलामी देऊन खडाखडी करतायत तोवर चित्र झकास. एकानं पट काढला, माती उडाली, पब्लिक उठून उभं राहिलं की स्क्रीनभर चौकोन. पाठीवरचा, दंडावरचा सगळा तपशील जाऊन नुसता लगदा. कुस्ती तीन-चार सेकंद थंडावली की चित्र परत जाग्यावर. स्टॅट्समध्ये नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेम शून्य, एन्कोडिंगमुळे सुटलेल्या अर्धा टक्का.

कमिटी म्हणते नेट डबल घ्या. कॅमेरावाला म्हणतो ४के घ्या. पैसे एकाच मोठ्या गोष्टीपुरते आहेत. कशाला घालायचे?

हळदबाजार
लेन्सवर माती उडली असंल वो. पुसून बगा आदी.

येरळाकाठ
नेटच. मैदान भरलं की त्या टॉवरवर दहा हजार मोबाईल येतात. अपलोड झोपणारच. दुसऱ्या कंपनीचं सिम टाका, विषय संपला.

क्यूपी_५१
येरळाकाठ, टॉवरचं खरं आहे, पण इथं नेट निर्दोष आहे. ओबीएस चित्र वर पाठवतं ते आरटीएमपीने, आणि ते टीसीपीवर चालतं, म्हणजे हरवलेलं पॅकेट परत पाठवलं जातं. वाट अरुंद झाली की पॅकेट हरवून चौकोन दिसत नाहीत, ओबीएसकडे डेटा तुंबतो आणि तो अख्ख्या फ्रेम टाकून देतो. बघणाऱ्याला चित्र अडकत-अडकत दिसतं किंवा गोल चक्र फिरतं. कुंडलकरांच्या पडलेल्या फ्रेम शून्य आहेत, म्हणजे ३५०० केबीपीएस जसेच्या तसे वर पोचतायत. चौकोन लॅपटॉपमध्येच तयार होऊन निघालेत.

हिशोब मांडू. १०८०पीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. ८ बिट ४:२:० मध्ये प्रत्येक पिक्सेलला सरासरी १२ बिट. सेकंदाला ५० फ्रेम. झाले १२४४ एमबीपीएस. ते तुम्ही साडेतीनमध्ये बसवायला सांगताय, म्हणजे ३५५ पट दाबायचं.

एवढं दाबलं जातं ते दोन फ्रेममध्ये फारसा फरक नसतो म्हणून. एन्कोडर चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन करतो आणि प्रत्येकासाठी मागच्या फ्रेममध्ये शोधतो: हा तुकडा आधी कुठं होता? सापडला की 'तिथून उचल, इतका सरकव' एवढंच लिहितो आणि उरलेला फरक तेवढा जोडतो. खडाखडीत पैलवान सोडून बाकी सगळं स्थिर, त्यामुळे बहुतेक चौकोनांना जवळजवळ शून्य खर्च. माती उडाली की तिच्या कणांना मागच्या फ्रेममध्ये जोडीदारच नाही. मागं पब्लिक उठलं, हजार फेटे हलले. आता प्रत्येक चौकोन नव्याने लिहायची वेळ. बजेट मात्र तेच, कारण सीबीआर लावलाय.

मग एन्कोडर क्यूपी वाढवतो, म्हणजे तपशील किती ढोबळ करायचा तो आकडा. एच.२६४ मध्ये क्यूपी ० ते ५१, आणि दर ६ ने वाढला की क्वांटायझेशनची (आकडे ढोबळ करायची) पायरी दुप्पट होते. २६ वरून ४४ वर गेला तर पायरी आठपट. तेवढ्या मोठ्या पायरीखाली बारीक तपशिलाचे सगळे आकडे शून्य होतात, चौकोनाला उरतो एक सपाट रंग. तोच तुमचा लगदा.

कंदी_पेढा
आयडी सार्थ केलात.

कुंडलकर
म्हणजे बिटरेट वाढवला की झालं? ३५०० चे ७००० केले तर?

क्यूपी_५१
चित्र सुधारेल. पण मग येरळाकाठ म्हणतायत तो टॉवर आडवा येईल आणि चौकोनांऐवजी गोल चक्र बघाल. त्याआधी बजेटवरचा बोजा उतरवा. ७२०पी २५ वर या. ९.२ लाख पिक्सेल गुणिले १२ गुणिले २५ म्हणजे २७६ एमबीपीएस. त्याच साडेतीनमध्ये फक्त ७९ पट दाबावं लागतं. मोबाईलवर बघणाऱ्याला ७२०पी आणि १०८०पी मधला फरक दिसत नाही, चौकोन लगेच दिसतात.

बी_फ्रेम_भाऊ
७२०पी मान्य. २५ फ्रेम अजिबात नाही. ढाक लागते कधी आणि पाठ टेकते कधी हे २५ फ्रेममध्ये कळतंय होय? चितपट झाली का नाही यावर मैदानात डोकी फुटतात. ५० च ठेवा. आणि ५० केलं म्हणून खर्च दुप्पट होत नाही, कारण शेजारच्या दोन फ्रेम आणखी जवळ येतात, फरक कमी उरतो. साधारण दीडपट धरा.

क्यूपी_५१
दीडपट धरायला हरकत नाही. पण तेवढी चैन करायला ४जीवर जागा आहे का? मातीतली कुस्ती बराच वेळ जमिनीला धरून चालते. बैलगाडा शर्यत असती तर मीच ५० म्हणालो असतो, तिथं कॅमेरा गाड्याबरोबर फिरतो आणि २५ वर धक्के जाणवतात.

माळावरची_वीज
दोघांनी भांडण्याआधी एक गोष्ट तपासा. कुंडलकर, कॅप्चर कार्ड कुठलं आहे? काळ्या पोर्टचं यूएसबी २ असेल तर त्यातून १०८०पी कच्चं येऊच शकत नाही. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस आणि वायवायूवाय२ या न दाबलेल्या फॉरमॅटमध्ये १०८०पी ३० ला लागतात ९९५. म्हणून ही स्वस्त कार्डं आत एमजेपेग (प्रत्येक फ्रेमचा वेगळा जेपेग) करून पाठवतात आणि १०८०पीला बहुतेक ३० फ्रेमच देतात. ओबीएसमध्ये आउटपुट ५० लिहिलं तरी आत ३० च येत असतील, तर तो काही फ्रेम दोनदा वापरून ५० भरून काढतो. हालचाल अडखळते ती वेगळीच.

सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन आणि एफपीएस 'कस्टम' करून बघा, कार्ड काय-काय देतं त्याची यादीच दिसते. ती बघून मग २५ की ५० ते ठरवा.

कुंडलकर
ताई, यूएसबी २ च निघालं. यादीत १०८०पीला एमजेपेग ३० आणि २५, ७२०पीला एमजेपेग ६० आणि ५०. वायवायूवाय२ ला १०८०पीवर ५ फ्रेम.

हळदबाजार
पाच फ्रेमात कुस्ती म्हंजे फोटोचा अल्बम की.

माळावरची_वीज
मग आजवर ५० फ्रेम कुणी पाहिल्याच नाहीत. ७२०पीवर मात्र हे कार्ड ५० देतं, तेव्हा तो वाद ४जीवर जागा किती यावरच ठरवा. एमजेपेगमुळे आणखी एक तोटा: त्याचे स्वतःचे ८ बाय ८ चे बारीक डाग आणि कडांभोवतीची थरथर हाही एन्कोडरला चित्राचाच भाग वाटतो, त्यावर बिट खर्च होतात. जे काही विकत घ्यायचं त्यात यूएसबी ३ चं कार्ड माझ्या मते पहिलं. आणि ते लावायचं निळ्या पोर्टलाच, मध्ये हब नको.

कराडचा_संगम
कॅमकॉर्डरचा एक प्रश्न कुणी विचारला नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांचे जुने कॅमकॉर्डर १०८०आय ५० वर असतात, म्हणजे इंटरलेस्ड. एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या पट्ट्या एकाआड एक. पैलवान वेगाने फिरला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. प्रोग्रेसिव्ह म्हणून एन्कोड केलं तर हे दात म्हणजे सर्वात महागडा तपशील, कारण उभ्या दिशेने दर ओळीला रंग बदलतो. आणि ७२०पीवर आणताना तेच दात नीट न काढता लहान केले की कडा दुहेरी होतात.

कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआय आउट १०८०पी मिळत असेल तर ते घ्या. नसेल तर ओबीएसमध्ये सोर्सवर राइट क्लिक, डीइंटरलेसिंग, याडिफ. याडिफ २एक्स निवडलं तर ५० फ्रेम सुटतात, साध्यात २५. फील्ड ऑर्डर 'टॉप फील्ड फर्स्ट'. उलटी लागली तर हालचाल मागं-पुढं उड्या मारते, लगेच ओळखू येतं.

सज्जनगड_पायथा
रात्रीच्या मैदानाचं काय? उजेड कमी असला की तेच सेटिंग असून जास्त फुटतं. सगळे स्थिर बसलेले असले तरी.

कराडचा_संगम
दोन कारणं.

पहिलं गेन, म्हणजे कॅमेऱ्याने सिग्नल वाढवून उजेड आणणं. अंधारात कॅमेरा आपोआप गेन १८ डीबी, २४ डीबीवर नेतो. चित्रावर मुंग्या येतात. मुंग्या दर फ्रेमला नव्या, मागच्या फ्रेमशी संबंध शून्य. स्थिर भिंतसुद्धा एन्कोडरला उकळत्या पाण्यासारखी दिसते. गेनला मर्यादा घाला, ९ ते १२ डीबी, आयरिस (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडा, चित्र थोडं अंधारं आलं तरी चालेल. गेन चढवण्यापेक्षा मैदानाच्या दोन कोपऱ्यांत आणखी दोन फ्लडलाईट लावायला कमिटीला सांगा.

दुसरं शटर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. स्वस्त एलईडी फ्लडमध्ये तर हे फारच. शटर १/६० किंवा १/१२५ असेल तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला वेगळा उजेड येतो. डोळ्याला किंचित लुकलुक, एन्कोडरला मात्र अख्खी फ्रेम बदललेली. एच.२६४ मध्ये एकूण उजेड बदलला तर सांभाळून घ्यायची सोय आहे, पण सीमॉस सेन्सर ओळीओळीने वाचतो त्यामुळे पट्टे सरकतात, तिथं ती सोय कामाची नाही. शटर १/५० किंवा १/१०० वर हाताने लॉक करा. फ्रेमरेट २५ असो की ३०, शटर हेच.

माळावरची_वीज
+१. ऑटो शटर, ऑटो आयरिस, ऑटो व्हाइट बॅलन्स तिन्ही बंद. पब्लिकमध्ये पांढऱ्या टोप्या उठल्या की आयरिस मिटतो, बसल्या की उघडतो. दर वेळी अख्ख्या चित्राचा उजेड बदलतो आणि पैसे भरतो एन्कोडर.

क्यूपी_५१
मुद्द्यावर आलात. एन्कोडरच्या पुढ्यात जे वाढाल ते तो गपगुमान खातो, पैलवान कुठला आणि मुंगी कुठली हे त्याला कळत नाही. सेटिंगच्या आधी पुढ्यात काय जातंय ते निवडा.

कॅमेरा कुठं ठेवता? जमिनीवरून धरला तर पैलवानामागं सगळी गर्दी येते, म्हणजे अर्धी फ्रेम हलणारी डोकी. आठ-दहा फुटांचं मचाण करून खाली झुकवून धरा. पैलवानामागं माती येते, ती स्थिर आणि एकसारखी. फक्त एवढ्यानं क्यूपी चांगला खाली येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, हातात नाही. आणि दोन कॅमेऱ्यांमध्ये फेड टाकू नका. फेडमध्ये दोन चित्रं एकमेकांत मिसळत असतात, कुठलाच चौकोन मागच्याशी जुळत नाही. सरळ कट मारा, एक नवी आय-फ्रेम (स्वतःपुरती पूर्ण फ्रेम) पडते आणि संपलं.

नाट्यपंढरी
पट्टीचं बोला कुणीतरी! खाली देणगीदारांची सरकती पट्टी, वर फिरणारा लोगो, कडेला चमचम करणारी झालर, कोपऱ्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा. उरलेल्या जागेत कुस्ती.

कंदी_पेढा
देणगीदार दिसला नाही तर पुढच्या वर्षी मैदानच होत नाही, मालक. कुस्ती फुटली तर चालतं.

क्यूपी_५१
हसण्यावारी नेऊ नका, ती पट्टी बरंच खाते. देवनागरी जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, सगळ्या बारीक टोकदार कडा, आणि त्या सतत सरकत्या. नावं सरकवायची नाहीत, स्थिर ठेवून दर १० सेकंदांनी बदलायची. स्थिर पाटीचा खर्च एकदाच, मग ती फुकट. गडद सपाट पट्टीवर पांढरी ठळक अक्षरं, सावली-चमक नको. लाल पट्टीवर पिवळं तर मुळीच नको, कारण...

बी_फ्रेम_भाऊ
...४:२:०. हे मला सांगू द्या, कुस्तीशी थेट संबंध आहे.

लाईव्हच्या चित्रात उजेडाची माहिती पूर्ण रिझोल्यूशनला जाते, रंगाची आडवी निम्मी आणि उभी निम्मी. ७२०पी चित्रात रंग असतो फक्त ६४० बाय ३६० चा. डोळा रंगाच्या बारकाव्याला मंद असतो म्हणून एरवी चालून जातं. आता उजेडाचं सूत्र बघा, रेक ७०९ या एचडीच्या रंगमानकाप्रमाणे: लाल ०.२१२६, हिरवा ०.७१५२, निळा ०.०७२२. म्हणजे लाल भागातला तपशील उजेडाच्या वाट्याला एक-पंचमांशच येतो, बाकीचा त्या निम्म्या रंगात. तांबडी माती, लाल लंगोट, गुलाल लावलेली पाठ, सगळं नेमकं तिथंच. कडा पसरलेल्या दिसतात त्या बिटरेट कितीही वाढवला तरी तशाच.

उपाय मर्यादित. कॅमेऱ्यात कलर सॅच्युरेशन दोन-तीन घरं खाली घ्या, आणि लाल रंग फुटेल इतकं एक्स्पोजर चढवू नका. ओबीएसमध्ये कलर स्पेस ७०९, रेंज लिमिटेड. कॅप्चर सोर्सलाही तेच. एकीकडे फुल आणि एकीकडे लिमिटेड झालं तर काळ्या केसांचा डांबराचा गोळा होतो.

येरळाकाठ
पालच्या खंडोबाच्या यात्रेचं लाईव्ह बघा मग. भंडारा उधळला की पिवळा पडदाच. तासगावच्या रथाला गुलाल. तिथं काय करायचं?

क्यूपी_५१
तिथं एन्कोडर हरणार, मान्य करायचं. ठोसेघरचा धबधबा, कासच्या पठारावर वाऱ्यात डोलणारी फुलं, उधळलेला भंडारा, हे तिन्ही एकाच जातीचे. भंडारा उधळायच्या क्षणी वाइड शॉट लावा, झूम नको. एकसारखा पिवळा ढग झाला तर तो सपाट असतो, स्वस्तात जातो. कण वेगवेगळे दिसले की महाग. फोकस जरा मऊ असला तर आणखी बरं.

कृष्णामाई
थोडं अवांतर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पातळीचा कॅमेरा लावायचा विचार आहे, पावसाळ्यात लोक सारखे विचारतात ४० फुटाची इशारा पातळी गाठली का, ४५ ची धोका पातळी किती लांब. उन्हाळ्यात चाचणीला ५०० केबीपीएसमध्ये मोजपट्टीवरचे आकडे स्वच्छ दिसतात. पुरात तेच चित्र चिखल होईल का?

माळावरची_वीज
होईल. उन्हाळ्यात नदी संथ आणि पात्र बरंचसं वाळू-दगड. पुरात अख्खं पात्र भोवरे-फेस, वर पावसाच्या रेघा. सगळे बिट पाण्याला जाणार आणि आकड्यांना काही उरणार नाही. तुम्हाला पाणी दाखवायचंय की पातळी? पातळी असेल तर फ्रेम पट्टीपुरती क्रॉप करा, आकडे मोठे घ्या, फ्रेमरेट ५ वर आणा. पातळी तासाला इंचाच्या हिशोबात बदलते, २५ फ्रेम कशाला? कॅमेऱ्याच्या मेनूत आरओआय (महत्त्वाचा भाग निवडायची सोय) असेल तर पट्टीभोवती चौकट आखा, तो तेवढ्या भागाला क्यूपी कमी ठेवतो. रात्रीसाठी पट्टीवर थेट उजेड पडेल असा दिवा. इन्फ्रारेडवर अवलंबून राहिलात तर पावसाचे थेंबच चमकतील.

कृष्णामाई
५ फ्रेमचं सुचलंच नव्हतं. आभार ताई.

नाट्यपंढरी
आवाजाकडे वळा की जरा. चित्र फुटलं तर लोक सहन करतात, आवाज फाटला की बंद करतात.

कराडचा_संगम
हलगी हा एएसीसाठी, म्हणजे लाईव्हचा आवाज दाबणाऱ्या कोडेकसाठी, अवघड विषय. ४८ किलोहर्ट्झला एएसीचा एक ब्लॉक १०२४ नमुन्यांचा, म्हणजे २१ मिलिसेकंद. हलगीची थाप ब्लॉकच्या मध्यावर पडली तर क्वांटायझेशनचा खरखराट ब्लॉकभर पसरतो, थापेच्या आधीसुद्धा 'फ्स्स' येतं. एन्कोडर अशा वेळी १२८ नमुन्यांच्या छोट्या ब्लॉकवर उडी मारतो, पण त्याला बिट जास्त लागतात. ६४ केबीपीएसवर हलगी-घुमकं म्हणजे पत्र्यावर गारा. १६० द्या, व्हिडिओतून तेवढे काढले तर कळतही नाहीत. मिक्सरवर सर्वात जोराची थाप उणे १२ डीबीच्या आसपास, आणि ओबीएसमध्ये लिमिटर उणे ३ वर.

सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ. मिक्सर ४८ आणि विंडोजमध्ये ते उपकरण ४४.१ असं असेल तर खरखर येते किंवा तासाभरात आवाज सरकतो.

नाट्यपंढरी
आणि सांगलीच्या भावे नाट्यगृहात संगीत नाटकाचं लाईव्ह करणाऱ्यांनो, नॉइज सप्रेशनचा फिल्टर काढा हो! तो बोलण्यासाठी बनवलेला. ऑर्गन आणि तंबोऱ्याचा सततचा सूर त्याला पंख्याचा आवाज वाटतो. गायक श्वास घेतो तेव्हा तंबोरा गायब, सूर लावला की परत हजर. मोबाईलवरून लाईव्ह केलं की हे आपोआप होतं. १८४३ मध्ये ज्या गावात विष्णुदासांनी सीतास्वयंवर उभं केलं, त्या गावात तंबोरा कापला जातोय.

हळदबाजार
तवा बरं होतं, लाईव्ह म्हंजे लाईव्हच.

कुंडलकर
आता थोडं सेटिंगवर येऊ. ७२०पी २५, कॅमेरे मचाणावर, शटर १/५०, गेन १२ ला बंद, पट्टी स्थिर. एवढं लिहून घेतलं. लॅपटॉपमध्ये काय बदलू? आणि एच.२६४ सोडून एव्ही१, एचईव्हीसी हे नवे कोडेक वापरून फायदा आहे का?

बी_फ्रेम_भाऊ
१०८०पी ५० ऐवजी ७२०पी २५ म्हणजे एन्कोडरला सेकंदाला साडेचार पट कमी पिक्सेल. तो वाचलेला वेळ गुणवत्तेत घाला: प्रिसेट व्हेरीफास्टवरून फास्टवर. प्रिसेट म्हणजे शोधाशोध किती करायची तो आकडा. जास्त शोधलं की जुळणारा चौकोन सापडायची शक्यता जास्त, तेवढाच फरक कमी लिहावा लागतो. सुटलेल्या फ्रेम शून्यावर राहतायत तोवर एकेक पायरी हळू करत जा.

प्रोफाइल हाय. त्यात ८ बाय ८ ट्रान्सफॉर्म मिळतो. बेसलाइनवर तो नाही, कॅबॅक (आकडे आणखी घट्ट बांधायची पद्धत) नाही, बी-फ्रेमही (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवरून बनणाऱ्या) नाहीत. ट्यून रिकामं ठेवा. 'झिरोलेटन्सी' बऱ्याच व्हिडिओत सांगतात, पण त्यानं बी-फ्रेम आणि पुढचं बघून नियोजन करणं दोन्ही बंद होतं. कुस्तीत समोरून कुणी संवाद साधत नाही, मग अर्ध्या सेकंदासाठी गुणवत्ता का सोडायची?

एचईव्हीसी आणि एव्ही१ ओबीएस २९.१ पासून यूट्यूबला पाठवता येतात, एन्हान्स्ड आरटीएमपीवरून. पण आय५ वर एव्ही१ सॉफ्टवेअरने लाईव्ह करायला जाऊ नका. त्यासाठी एन्कोडर असलेलं ग्राफिक्स कार्ड लागतं, एनव्हिडियात आरटीएक्स ४० मालिकेपासून. तुमच्या बजेटमध्ये ते बसत नाही.

क्यूपी_५१
की-फ्रेम इंटरव्हल ऑटो काढा. एक्स२६४ ऑटोवर २५० फ्रेमपर्यंत जाऊ देतो. ५० फ्रेमला ते ५ सेकंद होते, २५ ला १० होतील. यूट्यूब ४ सेकंदांच्या वर गेलं की इशारा देतं. २ सेकंद लिहा. बघणाऱ्याचा प्लेअर फक्त की-फ्रेमवरच सुरू होऊ शकतो. १ सेकंदही नको, आय-फ्रेम पी-फ्रेमच्या (मागच्या फ्रेमवरून बनणारीच्या) कित्येक पट मोठी असते, बजेटचा मोठा वाटा तिलाच जाईल आणि दर सेकंदाला चित्र धडधडेल.

आणि एक: 'कस्टम बफर साइज'. सीबीआरला बफर आपोआप बिटरेटएवढा, म्हणजे एका सेकंदाचा असतो. बिटरेट ३००० वर आणून बफर ६००० केला की पट काढल्याच्या त्या दोन सेकंदांत एन्कोडर थोडा जास्त खर्च करून नंतर भरून काढू शकतो.

येरळाकाठ
आणि ते जास्तीचं ४जीवर मावलं नाही की फ्रेम पडणार. नेटवाल्याला शेवटी विचारलंत ना!

क्यूपी_५१
बरोबर. म्हणून टिकाऊ अपलोडच्या साठ-सत्तर टक्क्यांवर बिटरेट ठेवायचा. स्पीड टेस्टचा आकडा धरू नका, तो काही सेकंदांच्या उसळीचा असतो. अनलिस्टेड स्ट्रीम अर्धा तास चालवा, मैदानाच्या वेळेलाच, आणि सर्वात खालचा आकडा धरा.

येरळाकाठ
३००० अधिक आवाजाचे १६० म्हणजे तासाला साधारण १.४ जीबी. सहा तास मैदान चाललं तर साडेआठ. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर लाईव्ह सुरू करणारे असतात, दीड तासात पॅक संपून ६४ केबीपीएसवर येतात आणि मग एन्कोडरला शिव्या घालतात. गावातल्या केबलवाल्याचं फायबर मैदानापासून दोनशे-तीनशे मीटरवर असतंच. एका दिवसापुरती ड्रॉप वायर ओढून घ्या. अपलोड किती मिळणार ते आधी विचारा, पुष्कळ ठिकाणी डाउनलोड १०० आणि अपलोड १० असतं. १० पण पुरे आहे. ४जी राउटर जोडीला तयार ठेवा. ओबीएसमध्ये 'कंजेशन आलं तर बिटरेट आपोआप कमी करा' असा पर्याय आहे, तो टिक करा, फ्रेम पडण्यापेक्षा बरं.

सज्जनगड_पायथा
लॅपटॉप उन्हात ठेवू नका, हेही लिहा. दुपारी मांडवाबाहेर ठेवला की गरम होऊन प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' येतं. खाली दोन विटा, वरून सावली. चार्जर सतत लावलेला, बॅटरीवर चालला की तसाच वेग कमी होतो.

कुंडलकर
ठरलं मग. यूएसबी ३ चं कार्ड, केबलवाल्याचं एक दिवसाचं फायबर, बाकी सगळं फुकटातलं. कमिटीला ४के नको म्हणून सांगतो. शेवटचा प्रश्न: रेकॉर्डिंगही हवंय, नंतर निकाली कुस्त्या कापून टाकायच्या आहेत. मध्येच लाईट गेली की एमपी४ फाईल उघडतच नाही, त्याला काय करायचं?

कराडचा_संगम
साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका फाईल बंद करताना शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की ती लिहिलीच जात नाही, डेटा असून प्लेअरला वाट सापडत नाही. एमकेव्हीत रेकॉर्ड करा, गेलीच तर शेवटचे काही सेकंद जातील. नंतर फाईल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग', एमपी४ तयार. पुन्हा एन्कोड होत नाही, काही मिनिटांचं काम.

फक्त 'सेम अ‍ॅज स्ट्रीम' ठेवू नका, नाहीतर तेच ३००० केबीपीएसचं पदरात पडेल. आय५ मध्ये क्विकसिंक (इंटेल चिपमधलाच एन्कोडर) असेल तर रेकॉर्डिंग त्यावर टाका, १५००० केबीपीएसला, म्हणजे एक्स२६४ चा प्रोसेसर मोकळा राहतो. तासाला पावणेसात जीबी धरा, सहा तासांना चाळीसच्या पुढे. डिस्कवर ६० जीबी मोकळे आहेत का ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

हळदबाजार
आन लेन्स पुसा. आदी सांगितलं तवा कुणी ऐकलं न्हाय, पर मातीत कॅमेरा हाय तर दर दोन कुस्त्यांनी फडकं मारायचंच.

क्यूपी_५१
हळदबाजार, हे मात्र खरं. लेन्सवर धूळ असली आणि समोरून फ्लडलाईट आला की कॉन्ट्रास्ट धुऊन जातो. फडकं सुतीचं नको, मायक्रोफायबरचं. त्याआधी ब्लोअर मारा, नाहीतर मातीचा खडाच लेन्सवर फिरवाल.